गॅडोलिनियम नायट्राइड: चुंबकही, अर्धसंवाहकही

एमआरआय तपासणीत शिरेतून दिल्या जाणाऱ्या द्रव्यामुळे गॅडोलिनियम हे नाव अनेकांना परिचित आहे. दुर्मिळ मृदा गटातील हे मूलद्रव्य नायट्रोजनशी एकास एक प्रमाणात संयोग पावले की गॅडोलिनियम नायट्राइड तयार होते. त्याच्या स्फटिकातील अणूंची मांडणी मिठाच्या स्फटिकासारखी घनाकृती असते.

गुणधर्म

या संयुगातील गॅडोलिनियमच्या प्रत्येक आयनात सात विजोड इलेक्ट्रॉन असतात. तापमान सुमारे ७० केल्विनच्या, म्हणजे उणे २०० अंश सेल्सिअसच्या, खाली गेले की सर्व आयनांची चुंबकीय दिशा एक होते आणि पदार्थ लोहचुंबकीय बनतो. लोखंड, निकेल हे परिचित चुंबक धातू आहेत. हे संयुग मात्र अर्धसंवाहक आहे. दोन्ही गुण एकत्र असणारे पदार्थ मोजकेच. थर घडवताना नायट्रोजनचे प्रमाण बदलून त्याची विद्युत्वाहकता कमी-अधिक करता येते.

उपयोग

इलेक्ट्रॉनच्या विद्युत्प्रभाराबरोबरच त्याच्या फिरकीचाही (स्पिन) वापर करणाऱ्या स्पिंट्रॉनिक्समध्ये या संयुगाला विशेष महत्त्व आहे. नायोबियम नायट्राइड या अतिसंवाहकाच्या दोन थरांमध्ये त्याचा पातळ थर ठेवल्यास एका फिरकीचे इलेक्ट्रॉन सहज पार होतात, तर विरुद्ध फिरकीचे अडतात. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी अशी रचना २०११ मध्ये मांडली. अतिशीत तापमानात चालणाऱ्या संगणकांच्या स्मृतिकोशांसाठी ती उपयुक्त ठरू शकते. गॅलियम नायट्राइडच्या उपकरणांतील विद्युत्रोध घटवण्यासाठी, तसेच चुंबकीय शीतकरणासाठीही या संयुगाचा अभ्यास झाला आहे.

मर्यादा

दमट हवेत हे संयुग टिकत नाही. पाण्याशी अभिक्रिया होऊन हायड्रॉक्साइड व अमोनिया तयार होतात. म्हणून थरावर अॅल्युमिनियम नायट्राइडसारखे संरक्षक आवरण चढवावे लागते. शिवाय त्याची चुंबकीयता द्रवरूप नायट्रोजनच्या उत्कलनबिंदूपेक्षाही (७७ केल्विन) कमी तापमानात प्रकटते. त्यामुळे रोजच्या वापरातील उपकरणांत त्याला तूर्त स्थान नाही.

पुरवठा

काही नॅनोमीटर जाडीच्या थराला गॅडोलिनियम अत्यल्प लागते. प्रश्न आहे तो शुद्ध धातूचा, कारण दुर्मिळ मृदांच्या शुद्धीकरणाचा उद्योग मुख्यतः चीनमध्ये एकवटला आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने निर्यात परवाना सक्तीचा केलेल्या सात मूलद्रव्यांत गॅडोलिनियमही होते. मुंबईत मुख्यालय असलेली आयआरईएल ही भारत सरकारची कंपनी किनाऱ्यावरील वाळूतल्या मोनाझाइटपासून दुर्मिळ मृदा मिळवते; पण त्या खनिजात गटातील हलकी मूलद्रव्येच अधिक असतात. म्हणूनच या संयुगाचे भवितव्य प्रयोगशाळेइतकेच शुद्धीकरणाच्या कारखान्यांवरही अवलंबून राहील.