अनध्यायाच्या दिवशी ऐकलेला पाऊस

खानापूर-चंदगडच्या बाजूला आषाढाचा पाऊस असा कोसळतो, की कधी कधी शाळेला सुट्टी द्यावीच लागते. तालवाद्यांचा जन्मही अशाच एका सुट्टीत झाला, असे भरतमुनींचे नाट्यशास्त्र सांगते. अनध्यायाचा दिवस होता, आभाळ भरून आले होते. स्वाती मुनी पाणी आणण्यासाठी सरोवरावर गेले, तोच वाऱ्यासवे सरी आल्या. कमळाच्या लहान, मध्यम आणि मोठ्या पानांवर थेंबांचे निरनिराळे नाद उमटू लागले. मुनींनी ते मनात साठवले आणि आश्रमात परतून विश्वकर्म्याच्या साहाय्याने मृदंगादी पुष्कर वाद्ये घडवली. कथा पौराणिक खरी. पण तिच्यातला क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. मुनींनी आधी ऐकले, मग वाद्य घडवले.

युरोपातल्या वाद्यवृंदात हवामान रंगवताना चर्मवाद्यांच्या वाट्याला आला तो मुख्यतः गडगडाट. २२ डिसेंबर १८०८ रोजी व्हिएन्नात बेथोव्हनची सहावी सिंफनी प्रथम वाजली. तिच्यात टिंपनी, म्हणजे आपल्या नगाऱ्याचे तिकडचे भावंड, तीन भाग गप्प असते आणि वादळाच्या चौथ्या भागातच काय ते गरजते. हे वादळ रचणाऱ्याचे कान तेव्हा मंदावत चालले होते. शेजारच्या माणसाला दूरच्या मेंढपाळाचे गाणे ऐकू येते आणि आपल्याला काहीच येत नाही, हे दुःख त्याने १८०२ मध्येच भावांना उद्देशून लिहून ठेवले होते. आपली कृती निसर्गाच्या चित्रापेक्षा भावनेचा आविष्कार अधिक आहे, असे तो म्हणे, ते उगाच नव्हे.

बर्लिओझने १८३० च्या ‘सिंफनी फँटास्टिक’मध्ये याच टिंपनीवर चार वादक बसवले. सुरुवातीला एका गुराख्याच्या सुरांना दुसरा उत्तर देतो. शेवटी तो पुन्हा साद घालतो, तेव्हा उत्तर येते ते फक्त दूरच्या मेघगर्जनेचे.

गडगडाटाकडून थेंबाकडे येण्याची एक सुंदर वाट जपानच्या तोरू ताकेमित्सूने १९८१ मध्ये दाखवली. त्याची ‘रेन ट्री’ ही रचना केवळ तीन तालवादकांसाठी आहे. तिचे बीज केन्झाबुरो ओए यांच्या एका कथेत आहे. त्या कथेतल्या वृक्षाची इवली इवली पाने रात्रीच्या सरीचे पाणी धरून ठेवतात, आणि इतर झाडे कोरडी झाली तरी हा वृक्ष ठिबकतच राहतो. रचनेत ढोल नाही. लाकडी पट्ट्यांचे मरिंबा, धातूच्या पट्ट्यांचे व्हायब्रफोन आणि झांजेसारख्या छोट्या, सुरात लावलेल्या चकत्या, एवढाच संभार. भरतमुनी अशा वाद्यांना ‘घन’ म्हणतात. आणि घन म्हणजे मेघही!

स्वाती मुनी आणि ताकेमित्सू यांच्यात कित्येक शतकांचे अंतर आहे. पण दोघांच्याही कथेत पाने आहेत आणि पानांवरचे पाणी आहे. म्हणून वाटते, पावसाची सुट्टी जाहीर झाली, की मुलांना घरी सोडण्याआधी पाच मिनिटे व्हरांड्यात गप्प उभे करावे. पत्र्यावरचा, कौलावरचा आणि केळीच्या पानावरचा पाऊस वेगवेगळा वाजतो, एवढे त्यांचे त्यांना उमगले, तरी तो दिवस अनध्यायाचा ठरणार नाही.