जीर्णोद्धार : पडत्या काळातील आधार

मंदिराचा जीर्णोद्धार म्हटला की सुबत्तेचा काळ डोळ्यांपुढे येतो. घरात धान्याची रास आली, हातात चार पैसे उरले, म्हणजे माणसाला देवळाच्या कळसाची आठवण होते, असा सर्वसाधारण समज आहे. महाराष्ट्राचा इतिहास मात्र निराळी साक्ष देतो.

सन १६३०-३१ मध्ये दख्खनवर भयंकर दुष्काळ पडला. देहूच्या महाजनाचे भरले घर त्यात उद्ध्वस्त झाले. आईवडिलांचे छत्र आधीच हरपले होते. आता व्यापार बुडाला, दिवाळे निघाले, पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मूलही गेले. वयाची पुरती पंचविशीही न गाठलेल्या त्या तरुणाने अशा वेळी काय करावे? वडिलोपार्जित विठ्ठलमंदिर पडायला आले होते, त्याची डागडुजी त्याने मनावर घेतली. हे तरुण गृहस्थ म्हणजेच जगद्गुरू तुकाराम महाराज. ही हकीकत त्यांनी स्वतःच आपल्या अभंगांत सांगून ठेवली आहे. परंपरा असेही सांगते की, लोकांकडून येणे असलेल्या रकमेची कर्जखते भावाशी वाटून घेऊन आपल्या वाट्याची त्यांनी इंद्रायणीत सोडून दिली. देवाच्या भिंती सावरणारे हातच ऋणकोच्या डोक्यावरचा भार उतरवतात, हे विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

ही इंद्रायणीकाठची कथा झाली. नागपूरकडच्या मुलखानेही असे दिवस पाहिले आहेत. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ लागोपाठ मध्यप्रांतावर कोसळले. १९०१ च्या शिरगणतीत प्रांताची लोकसंख्या १८९१ पेक्षाही कमी भरली, यावरून त्या काळाची कल्पना यावी.

त्यानंतरचा कसोटीचा प्रसंग १९४२ चा. १६ ऑगस्ट रोजी, ऐन नागपंचमीच्या दिवशी, चिमूर आणि आष्टी येथे स्वातंत्र्याचा वणवा पेटला. गोळीबार झाला, माणसे पडली, आणि मागाहून चिमूरवर दडपशाहीचा वरवंटा फिरला. त्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामच्या प्रा. भन्साळींनी ६३ दिवस उपोषण केले. ज्यांच्या खंजिरीच्या भजनांनी ही गावे जागी झाली, त्या तुकडोजी महाराजांना २८ ऑगस्ट रोजी चंद्रपूर येथे अटक झाली आणि नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत ठेवण्यात आले. डिसेंबरात त्यांची सुटका झाली.

३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली येथे एका गरीब घरात जन्मलेल्या महाराजांना हालअपेष्टा नवीन नव्हत्या. वरखेडच्या आडकोजी महाराजांची कृपा हीच त्यांची शिदोरी. तुरुंगातून ते बाहेर आले तेव्हा गावोगाव भीती दाटलेली होती. महाराजांनी त्यावर दोन साधे उपाय योजले. सायंकाळी साऱ्या गावाने एकत्र बसून प्रार्थना करावी आणि सकाळी हातात खराटा घेऊन गाव झाडावे. १९३५ मध्ये मोझरी येथे स्थापन केलेल्या गुरुकुंजातून श्रीगुरुदेव सेवा मंडळाचे हे कार्य विदर्भाच्या खेड्यापाड्यांत पोहोचले. पुढे एकेचाळीस अध्यायांच्या ग्रामगीतेत त्यांनी हाच विचार विस्ताराने मांडला. नागपूर विद्यापीठ आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

देहूचे तुकोबा आणि मोझरीचे तुकडोजी यांच्यामध्ये तीन शतकांचे अंतर आहे. परंतु शिकवण एकच. देवावर भरवसा ठेवणे म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे. संकट टळेल की नाही हे कोणाच्याच हाती नसते. पण त्या संकटात एकट्याने खचायचे की दहाजणांनी मिळून उभे राहायचे, हे मात्र माणसाच्या हाती असते. नापिकीच्या वर्षी कर्जाने गांजलेला शेतकरी घराचे दार लावून बसतो, तोच घात होतो. तो संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर आला, शेजाऱ्याच्या मांडीला मांडी लावून बसला, तर त्याच्या मुखावरची काळजी कोणाच्या तरी नजरेस पडते. देवाचा हात पुष्कळदा शेजाऱ्याच्या हाताच्या रूपानेच पुढे येतो.

म्हणूनच जीर्णोद्धाराला कोणी हजार दिले, कोणी पायलीभर धान्य दिले, कोणी दोन दिवस माती वाहिली, या साऱ्यांचे मोल देवाघरी सारखेच आहे. दगडचुन्याचे काम कळस चढला की पूर्ण होते. या उंबऱ्यावरून कोणी दुःखी जीव विन्मुख परत जाणार नाही, एवढी काळजी गावाने घेतली की खरा जीर्णोद्धार झाला असे म्हणावे. ती सद्बुद्धी सर्वांना लाभो, हीच ग्रामदेवतेच्या चरणी प्रार्थना.