‘समक्ष’ या शब्दाविषयीं

वतनी तंट्यांचे कागद ज्यांच्या संग्रहीं आहेत, त्यांस ‘समक्ष’ या शब्दाचें वजन सांगावयास नको. अग्रवादी व पश्चिमवादी यांच्या तकरिरी, जामीनकतबे, निवाडा मानूं असे राजीनामे, शेवटीं हरणाऱ्याचें येजितखत; हा सारा खटाटोप उभयतांस सभेपुढें आणून त्यांच्याच तोंडून वदवून घेण्याचा. तंटा पुन्हां उकरला जाऊं नये, हा त्यांतील हेतु.

फौजदारी बाबतींत मात्र हा थाट दिसत नाहीं. पेशवाईंत खटल्याची ठराविक रीत नव्हती; बंडखोर म्होरक्यास त्याच्या लौकिकावरूनच देहदंड होई व संशयितास कबुलीकरितां फटके बसत, असें एल्फिन्स्टननें १८१९ च्या अहवालांत लिहिलें आहे. जेत्याची साक्ष म्हणून ती जपूनच घ्यावी. तथापि १७९१ सालीं घाशीराम कोतवालाचा अंत तेलंगी ब्राह्मणांच्या दगडांनीं झाला, हें तर आपल्याच साधनांतून निघतें. गुन्हेगार हजर असे, पण तो ऐकला जाण्यासाठीं नव्हे.

पुरावा आरोपीच्या समक्ष, अथवा हजेरी माफ असल्यास त्याच्या वकिलाच्या समक्ष घ्यावा, हें १८९८ च्या फौजदारी कायद्याचें ३५३ वें कलम; १९७३ सालीं तेंच २७३ वें झालें. दूरचित्रसंवादानेंही समक्षता साधते, असें सर्वोच्च न्यायालयानें २००३ सालीं महाराष्ट्र सरकार विरुद्ध प्रफुल्ल देसाई या खटल्यांत ठरविलें. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५६ व्या कलमानें फरारी घोषित गुन्हेगाराचा खटला त्याच्या पाठीमागें चालवितां येतो. पण त्यापूर्वीं दोन वॉरंटें, वृत्तपत्रांत जाहिरात व आरोप ठेवल्यापासून नव्वद दिवसांची वाट, आणि वकील नसल्यास सरकारी खर्चानें वकील, इतकें आवश्यक आहे. फरारी मनुष्याची एवढी वाट पाहिली जाते!

अंबरनाथचा शके ९८२ चा शिलालेख पाहून पुढें जाणाऱ्यास पहिलें स्टेशन बदलापूर लागतें. तेथें २० ऑगस्ट २०२४ रोजीं, शाळेंतील दोन बालिकांवरील अत्याचारानें संतापलेल्या जमावानें लोहमार्ग रोखून आरोपीस फाशी मागितली. संताप न्याय्य होता. आरोपी फरारी नव्हता, सरकारच्या ताब्यांत होता. २३ सप्टेंबर रोजीं तळोजा तुरुंगांतून नेतांना मुंब्र्यानजीक पोलिसांच्या गाडींत गोळी लागून तो मेला. त्या मृत्यूविषयींचा दंडाधिकाऱ्यांचा चौकशी अहवाल जानेवारी २०२५ मध्यें उच्च न्यायालयापुढें आला. मूळ खटल्याच्या दप्तरांत आरोपपत्र आहे. पुराव्यानंतर न्यायाधीशासमक्ष द्यावयाचा त्याचा जबाब नाहीं, आणि त्या बालिकांस त्याच्यापुरतें निवाडपत्रही मिळावयाचें नाहीं.