आयफेल टॉवरची पहिली रेघ

आयफेल टॉवरचं पहिलं स्केच कुणी काढलं? गुस्ताव आयफेलने असं म्हणत असाल, तर जरा थांबा.

6 जून 1884. आयफेलच्या कंपनीतला मोरिस केक्लँ हा 28 वर्षांचा इंजिनिअर (म्हणजे जवळपास माझ्याच वयाचा!) कागदावर 300 मीटरचा लोखंडी मनोरा काढतो. उंची कळावी म्हणून शेजारी नोत्र दाम, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा वगैरे चक्क एकावर एक रचलेत. बघताना गंमत वाटते. पण मनोऱ्याचे पाय खाली फाकलेत आणि वर जाताना जवळ येतात, ते काही सुंदर दिसावं म्हणून नाही.

केक्लँ झुरिकला कार्ल कुलमान यांच्याकडे शिकला होता. कुलमान यांची पद्धत अशी, की बल आकड्यात नाही, रेघेत मांडायचं. रेघेची लांबी म्हणजे जोर, तिची दिशा म्हणजे जोराची दिशा. रेघा एकापुढे एक जोडल्या की बेरीज झाली, उत्तर पट्टीने मोजून घ्या. इथे गणित आधी आणि चित्र नंतर, असं नसतंच. चित्र हेच गणित.

इतक्या उंचीवर खरा शत्रू वारा. मनोरा कुठेही आडवा कापला असं समजा. त्याच्या वरच्या भागावरचा वाऱ्याचा एकूण जोर एका बिंदूतून जातो. दोन्ही पायांची दिशा तशीच वर वाढवली आणि त्या रेघा बरोबर त्याच बिंदूत भेटल्या, तर पायांमध्ये तिरक्या पट्ट्या लागतच नाहीत. हे प्रत्येक उंचीवर जमवत गेलं की आपोआप तो ओळखीचा बाक तयार होतो.

आता वारा किती धरायचा? तो अंदाजच. 1885 च्या भाषणात आयफेलने दोन अंदाज मांडले: सगळीकडे चौरस मीटरला 300 किलो, किंवा पायथ्याशी 200 पासून टोकाला 400 पर्यंत. मला हे फार आवडलं. आम्ही कोडमध्ये असा अंदाज एका ओळीत लपवतो आणि सहा महिन्यांनी तो कुणाचा होता हेच आठवत नाही. (हो, एकदा माझाच निघाला.)

आयफेलला आधी या कल्पनेत फारसा रस नव्हता. मग आर्किटेक्ट सोव्हेस्त्रने खाली कमानी चढवल्या, आणि साहेबांचं मत बदललं. सप्टेंबर 1884 मध्ये पेटंट निघालं, त्यावर आयफेल, नूगिए आणि केक्लँ अशी तीन नावं. पुढे आयफेलने बाकी दोघांचे हक्क विकत घेतले.

1889 मध्ये टॉवर उघडला. नाव एकच उरलं.