म्हैसूरच्या राणीचा दंड

आज म्हैसूरला जायचंय, पण दसऱ्याच्या मिरवणुकीला नव्हे. आयरिश चित्रकार थॉमस हिकी यानं १८०५ च्या सुमारास काढलेलं एक चित्र पाहायचंय.

त्यात तीन स्त्रिया आहेत. त्या नर्तकी असाव्यात असं बराच काळ मानलं जाई. इतिहासकार नायजेल चान्सलर यांनी मात्र त्या वोडेयार राण्या असल्याचं मांडलं. उजवीकडची राणी साडी बाजूला सारून दंड दाखवते आहे. चान्सलर म्हणतात, ही देवाजम्मणी. १८०५ साली बाराव्या वर्षी तिसऱ्या कृष्णराजांशी लग्न होऊन आलेली. दाखवते आहे ती देवीची लस टोचलेली जागा. डावीकडच्या राणीच्या नाकातोंडाभोवती फिकट डाग आहेत. तिला जुन्या रीतीनं, म्हणजे देवीच्या खपल्यांची पूड नाकात फुंकून, संरक्षण दिलं असावं. मधली लक्ष्मी अम्मणी, राजाची आजी. तिचा नवरा देवीनंच गेला होता. हा चित्राचा एक अन्वय आहे, पुरावा नव्हे. मला तो पटतो.

का, ते सांगतो. हिंदुस्थानातली पहिली लस मुंबईत १४ जून १८०२ रोजी तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉलला टोचली गेली. शीतपेट्या नव्हत्या, त्यामुळे लस एकाच्या दंडावरच्या फोडातून दुसऱ्याच्या दंडात जाई. सोवळ्याओवळ्याच्या समाजात हे केवढं अवघड! त्यात टोचणारा कंपनी सरकारचा माणूस. टिपू पडून जेमतेम सहाएक वर्षं झाली होती. अशा वेळी राजघराण्यातली धडधाकट मुलगी दंड पुढे करते, तेव्हा त्यामागे नवरा गमावलेली आजी असणार, असं मला वाटतं.

मागे देवीवर बोललो होतो, तेव्हा एका ताईंनी विचारलं: आईला आणि मावशीला स्तनाचा कर्करोग झाला, मला काही नाही, मी आधीच काही करावं का? प्रश्न तोच आहे, आजारी नसताना उपचार घेण्याचा. फरक किमतीत आहे. लस म्हणजे एक ओरखडा. इथे अवयव द्यावा लागू शकतो.

हा प्रश्न इतक्या नेमकेपणानं विचारता येऊ लागला तो अलीकडेच. मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये दाखवलं की काही घराण्यांतल्या या रोगाचा धागा १७ व्या गुणसूत्रावर आहे. बीआरसीए-१ हे जनुक १९९४ मध्ये हाती लागलं, बीआरसीए-२ त्यापाठोपाठ. यांत दोष असलेल्या स्त्रियांपैकी साधारण ७० टक्क्यांना ऐंशीच्या वयापर्यंत स्तनाचा कर्करोग होतो, असं २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. अँजेलिना जोली हिनं २०१३ मध्ये दोन्ही स्तन काढून घेतल्याचं जाहीर केलं आणि जगभर हा एकच मार्ग गाजला.

मार्ग एकच नाही. शस्त्रक्रियेनं धोका नव्वद टक्क्यांच्या आसपास घटतो, पण पुन्हा मागे फिरता येत नाही. टॅमॉक्सिफेनची गोळी आहे. जास्त धोका असलेल्या १३ हजारांहून अधिक स्त्रियांवरच्या अमेरिकी चाचणीत तिनं धोका जवळजवळ निम्म्यावर आणला. तो निकाल १९९८ चा. तिच्यानं रक्ताच्या गुठळ्या आणि गर्भाशयाचा कर्करोग यांची शक्यता मात्र वाढते, आणि बीआरसीए-१ मध्ये तिचा उपयोग तितका पक्का ठरलेला नाही. तिसरा मार्ग दरवर्षी एमआरआय आणि वयानुसार मॅमोग्राफी. यानं रोग टळत नाही, लवकर सापडतो. हा फरक लोक फार विसरतात. शिवाय या जनुकांचा धोका बीजकोशांनाही असतो. मुलंबाळं झाल्यावर ते काढण्याचा विचार वेगळा करावा लागतो.

देवाजम्मणीला विचारलं कुणी, हा प्रश्न उरतोच. बारा वर्षांची पोर ती. आजच्या बाईला मात्र वेळ असतो. सहसा आठवड्याभरात ठरवायची गरज नसते.

आणि त्या ताईंना एक सांगायचं राहिलं होतं. जनुकीय चाचणी शक्य असेल तर आधी आजार झालेल्या व्यक्तीची करतात, म्हणजे आईची किंवा मावशीची. त्यांच्यात दोष सापडला, तर तुमच्यात नेमका तोच आहे का हे पाहता येतं. तुमच्यात तो नसेल, तर त्या नकाराला खरा अर्थ असतो. नुसती तुमचीच केली आणि काही निघालं नाही, तर फारसं कळत नाही. मावशींचे जुने रिपोर्ट घरात असतील, तर समुपदेशकाकडे जाताना तेही घेऊन जा.