अधिस्फोट, हायड्रोजन–हवा मिश्रणातील

हायड्रोजन व हवा यांच्या मिश्रणात पेटलेली ज्योत वेग घेत जाऊन अखेर आघात तरंगाशी एकजीव होते व ध्वनीहून अधिक वेगाने पसरते. ज्वलनाच्या या अवस्थेस अधिस्फोट किंवा डेटोनेशन म्हणतात. घनफळाने सु. ४ ते ७५ टक्के हायड्रोजन असलेले मिश्रण पेटू शकते. हवेतील सर्व ऑक्सिजन नेमका खर्ची पडेल अशा, म्हणजे सु. २९.५ टक्के हायड्रोजनाच्या, मिश्रणात शांत ज्योतीचा ज्वलनवेग अवघा २ ते ३ मी./से. असतो. त्याच मिश्रणातील अधिस्फोट मात्र सु. १,९७० मी./से. वेगाने धावतो व दाब सु. पंधरा पट वाढवितो. पहिल्या अवस्थेतून दुसरी कशी उद्‌भवते, हा या विषयाच्या इतिहासातील मुख्य प्रश्न होय.

अधिस्फोटाचा शोध १८८१ मध्ये फ्रान्समध्ये दोन ठिकाणी स्वतंत्रपणे लागला. खाणींतील ज्वालाग्राही वायूंचा अभ्यास करणारे अभियंते मालार व ल शाताल्ये, तसेच रसायनशास्त्रज्ञ बेर्तलो व व्ह्येय यांना लांब नळ्यांतील ज्योत एकाएकी प्रचंड वेग घेते असे आढळले. हायड्रोजन व शुद्ध ऑक्सिजन यांच्या मिश्रणात बेर्तलो व व्ह्येय यांनी हा वेग सु. २,८१० मी./से. मोजला. तो नळीच्या लांबीवर अवलंबून नसून मिश्रणाचाच गुणधर्म असल्याचेही दिसून आले. चॅपमन (१८९९) व झूगे (१९०५) यांनी आघात तरंगाच्या सिद्धांतावरून या वेगाचे गणित मांडले. झेल्डोविच (१९४०), फोन नॉयमान (१९४२) व डरिंग (१९४३) यांनी तरंगाची रचना स्पष्ट केली : पुढे आघात तरंग, त्यामागे संपीडनाने तापलेला वायू व नंतर रासायनिक विक्रिया. तथापि या सिद्धांतांनी प्रस्थापित अधिस्फोटाचे वर्णन केले; त्याचा उगम अनुत्तरितच राहिला.

त्या दिशेने सोव्हिएट संशोधक श्चेलकिन यांचे कार्य महत्त्वाचे ठरले. नळीत तारेचे वेटोळे बसविले असता अधिस्फोट फार कमी अंतरात होतो, असे त्यांनी दाखविले. जळलेला वायू प्रसरण पावून पुढील न जळलेल्या वायूस ढकलतो; अडथळ्यांमुळे हा प्रवाह संक्षुब्ध होतो; ज्योतीचा पृष्ठभाग चुरगळून वाढतो व ज्वलन अधिक त्वरेने होते. त्यामुळे प्रवाह आणखी वाढतो. अशा रीतीने ज्योत स्वतःच्याच गतीस खतपाणी घालते व तिच्यापुढे आघात तरंग साचत जातात. अखेरचा क्षण ओपेनहाइम व उर्ट्यू यांनी कॅलिफोर्नियात छायाचित्रांत टिपला (१९६६). त्यांना ज्योतीजवळील तापलेल्या वायूच्या एखाद्या लहानशा भागात आकस्मिक स्फोट होऊन तेथून अधिस्फोट निघताना दिसला. या स्फोटाचे स्थळ आधी सांगणे कठीण असते.

अधिस्फोटाचा अग्रभाग सपाट नसून काजळी धरलेल्या पत्र्यावर तो माशाच्या खवल्यांसारखी नक्षी उमटवितो, असे डेनिसोव्ह व ट्रोशिन यांनी १९५९ मध्ये दाखविले. वरील मिश्रणात एका खवल्याची रुंदी सु. १.५ सेंमी. असते, हायड्रोजन कमी झाल्यास ती झपाट्याने वाढते. म्हणूनच लहान नळीत निरुपद्रवी भासणारे विरल मिश्रण मोठ्या दालनात घातक ठरू शकते. पूर्वीच्या ग्रंथांत अधिस्फोटाची खालची मर्यादा सु. १८ टक्के दिलेली असे. अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेत १९८० नंतरच्या दशकात अडथळे असलेल्या मोठ्या मार्गात ती सु. १५ टक्क्यांपर्यंत खाली आली.

या ज्ञानाची निकड अणुभट्ट्यांनी दाखविली. थ्री माइल आयलंड येथे २८ मार्च १९७९ रोजी कोंडलेला हायड्रोजन पेटून दाब सु. दोन वातावरणांइतका वाढला, परंतु संरक्षक वास्तू टिकली. फुकुशिमा येथे मार्च २०११ मध्ये नायट्रोजनाने भरलेल्या आतील पात्रांतून हायड्रोजन बाहेर झिरपला व हवा असलेल्या बाह्य इमारतींत त्याचे स्फोट झाले. यामुळे हायड्रोजन साचण्यापूर्वीच प्लॅटिनम वा पॅलॅडियम उत्प्रेरकांच्या साह्याने त्याचे पाणी करणारी साधने अनेक भट्ट्यांत बसविण्यात आली आहेत. ज्योत एकदा वेग घेऊ लागल्यावर तिला आवरण्यास अवधी उरत नाही. म्हणून बंद जागेतील हायड्रोजनाचे प्रमाण मर्यादेत राखणे व ज्योतीच्या मार्गातील अडथळे टाळणे, हाच या शतकभराच्या संशोधनाचा व्यावहारिक निष्कर्ष होय.