थंडीतला वासुदेव

मार्गशीर्ष लागला की आमच्या बार्शी तालुक्यात थंडी पडायची. बाजरीची खळी उरकलेली असायची, शाळू पोटऱ्यात यायचा. मग एक दिवस पहाटे, कोंबडा आरवायच्या आगंमागं, वेशीकडनं चिपळ्यांचा आवाज यायचा. आज्जी अंथरुणातनंच म्हणायची, "उठा रं, वासुदेव आला."

आताच्या पोरांना वासुदेव म्हणजे शाळेच्या गॅदरिंगमधला एक पोशाख. म्हणून आधी खरा वासुदेव सांगतो. डोक्यावर मोरपिसांची निमुळती टोपी, अंगात पांढरा घोळदार झगा, कमरेला शेला आणि त्यात खोचलेला पावा. एका हातात चिपळ्या, दुसऱ्या हातात टाळ, पायात घुंगरं, खांद्याला झोळी. त्याच्यासंगं ढोलकीवाला नाही की झील धरणारा नाही. गाणारा तोच, वाजवणारा तोच, गिरकी घेणाराही तोच. एकनाथ, तुकाराम यांनी वासुदेवाचं रूपक घेऊन रचना केल्या आहेत. म्हणजे इतक्या जुन्या काळापासून हा माणूस आपल्या दारात उभा आहे.

तो थंडीतच का यायचा? तर तवा घरात दाणा असायचा, वाटा कोरड्या असायच्या. पावसात मोरपिसांची टोपी टिकत नाही. पण थंडी त्याला काही सोपी नव्हती. तो मारुतीच्या देवळात उतरायचा. मी पोरगा होतो, आज्जी माझ्या हाती चहा धाडायची. पहाटे बघावं तर हा पावा काखेत धरून बसलेला. मी विचारलं, तर म्हणाला, "गार पावा सुरात लागत न्हाई, लेकरा. आधी त्येला ऊब द्यावी लागती." टाळ तर असा गार, की बोटं बधिर व्हायची. टोपीवर दव पडू नये म्हणून रात्री तिला धोतराच्या फडक्यात गुंडाळून उशाशी ठेवायचा. गळा बसला तर गूळ आणि गरम पाणी. एका पहाटेला एक गाव, मग पायी पुढचं गाव. बायकोपोरांकडं शिमग्याच्या सुमाराला परत.

दारात आला की आज्जी सुपात दाणे घेऊन यायची आणि आमच्या गेलेल्या माणसांची नावं सांगायची. त्या नावांनी तो दान घ्यायचा. पंढरपूरच्या विठोबाला, जेजुरीच्या खंडोबाला, तुळजापूरच्या भवानीला दान पावलं म्हणायचा, गिरकी घ्यायचा आणि पावा वाजवून पुढच्या दाराला जायचा. पुढं पुढं आज्जीला नावं सांगावीही लागायची नाहीत. कुठल्या घरची कुठली नावं, हे त्याच्या ध्यानात असायचं. तो लिहायला शिकलेला नव्हता.

१९७२ चा दुष्काळ पडला तवा मी बारा वर्षांचा. बाजरी गेली, शाळू पेरलाच नाही. रेशनवर लाल मिलो मिळायचा. आई आणि आज्जी दोघी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायच्या. मला वाटलं, या साली काही तो येत नाही. पण आला. आज्जीनं पसाभर मिलो सुपात आणला. त्यानं निम्मा झोळीत घेतला, निम्मा परत सुपात टाकला. नावं मात्र सगळी घेतली.

त्याच दिवशी सकाळी तो खडीवर दिसला. गुंडाळलेली टोपी लिंबाच्या फांदीला अडकवली आणि हातोडा घेऊन आईच्या शेजारी बसला. आठवडाभर असं चाललं, पहाटे फेरी आणि दिवसभर खडी. संध्याकाळी सगळ्यांसंगं सुकडी घ्यायचा. कोणीतरी म्हणालं, "बुवा, आता गाता कशाला?" तर म्हणाला, "खडी पोटासाठी फोडतो. फेरी चुकली तर नावं ऱ्हातील."

त्याला मी भिकारी कधीच म्हटलं नाही. पण १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यात गाऊन, नाचून दान घेणं हीसुद्धा भीकच धरलेली आहे, हे मला फार उशिरा कळलं. सरकारी यादीत वासुदेव भटक्या जमातीत आहेत. यादीत त्यांची भटकंती लिहिली गेली, काम लिहायचं राहून गेलं.

मग २०१८ साल आलं. व्हॉट्सॲपवर पोरं पळवणाऱ्या टोळ्यांची अफवा उठली. १ जुलैला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला जमावानं नाथपंथी डवरी गोसावी समाजातली पाच माणसं ठेचून मारली. त्यातली काही आमच्याच सोलापूर जिल्ह्यातली होती. भिक्षा मागत फिरणारी साधी माणसं होती ती.

त्या हिवाळ्यात आमच्या वासुदेवाचा नातू आला. आजा वारला होता. आळीतल्या पोरांनी त्याला वेशीतच अडवलं. कोण, कुठला, आधार कार्ड दाखव. त्यानं चिपळ्या खाली ठेवल्या आणि झोळीतनं कार्ड काढलं. पोरांनी बॅटरीच्या उजेडात टोपीखालचं तोंड आणि कार्डावरचा फोटो पडताळून बघितला. मी तिथंच शाल पांघरून उभा होतो. 'मी ओळखतो याच्या आज्याला' एवढं एक वाक्य बोललो असतो तर भागलं असतं. बोललो नाही. का नाही बोललो, हे मला अजून सांगता येत नाही.

तरी तो माझ्या दारात आला. बायकोनं सुपात ज्वारी आणली. "कुणाच्या नावानं?" त्यानं विचारलं. मी वडिलांचं सांगितलं, आज्याचं सांगितलं, आज्जीचं सांगितलं. तो थांबून राहिला. म्हणाला, "चौथं ऱ्हायलं. आजा सांगायचा, ह्या घरी चार नावं." आणि त्यानंच माझ्या पणज्याचं नाव घेतलं.

माझ्या घरात ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात तो आला नाही. त्यानंतरही नाही. ती चारी नावं मी आता वहीत लिहून ठेवली आहेत.